घरगाडी घेताना : आधी बैठका, मग बिछाने

गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेनंतर पंगतीस बसलो असता शेजारच्या एका सभासद बंधूंनी ताटापलीकडून एक रंगीत पुस्तिका सरकविली. "तुम्ही दोनदा घरगाडीतून यात्रा करून आला आहात. यांतील कोणती घ्यावी, एवढे सांगा," असे ते म्हणाले. पुस्तिकेत गाड्यांची सुरेख चित्रे होती. आत गाद्या, पडदे, मंद दिवे, भिंतीवर दूरदर्शन-संच. आणि प्रत्येक चित्राखाली 'चार जणांची झोपण्याची सोय', 'सहा जणांची झोपण्याची सोय' असे ठळक अक्षरांत छापलेले. गाडी चालू असताना किती जणांनी कोठे बसावयाचे, हे मात्र एकाही पानावर नव्हते. पानात भात येईपर्यंत जेवढे सांगता आले तेवढे मी सांगितले. उरलेले येथे लिहीत आहे.

इंग्रजीत मोटारहोम, सरकारी कागदांत मोटर कॅराव्हॅन आणि आमच्या घरात घरगाडी, अशी या वाहनाची तीन नावे आहेत. हा श्रीमंतांचा नवा षोक आहे, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. त्यात तथ्य आहेच. १८८५ साली इंग्लंडात गॉर्डन स्टेबल्स नावाच्या नौदलातील माजी शल्यवैद्याने घोड्यांनी ओढावयाचे 'वाँडरर' नावाचे प्रवासी घर बांधवून घेतले, ते निव्वळ हौसेपोटी. परंतु जर्मनीत या वाहनाचा उगम झाला तो एका व्यापाऱ्याच्या घरी. दक्षिण जर्मनीतील इस्नी या गावी आरिस्ट डेथलेफ्स हा चाबूक बनविणाऱ्या घराण्यातील तरुण मालाच्या विक्रीसाठी सतत गावोगाव हिंडत असे. त्याची वाग्दत्त वधू फ्रिडेल एडेलमान ही चित्रकार होती. प्रवासात आपणही बरोबर असावे आणि आपले कामही चालावे, अशी तिची इच्छा. तेव्हा त्याने १९३१ साली मोटारीमागे जोडावयाचे एक चाकांचे घर स्वतः बांधले. त्या वेळी जर्मन भाषेत त्यास शब्दही नव्हता. त्याने आपला 'वोनआउटो', म्हणजे राहण्याची मोटार, असा शब्द केला. पुढे चाबकांचा धंदा मागे पडला आणि हाच धंदा घराण्याचा झाला. सांगावयाचे ते इतकेच की, त्या गाडीचा आकार ठरला तो कोण माणूस बरोबर न्यावयाचे आहे यावरून.

आमच्या घरात हे माणूस म्हणजे आमच्या मातोश्री. आम्ही बेळगावचे, कडधान्याची जुनी पेढी. घरात माणसे सात : मातोश्री, आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडे. मातोश्रींचा प्रवासातील नियम असा की, घरून निघाल्यापासून मुक्कामास पोहोचेपर्यंत पाण्याचा घोट घ्यावयाचा नाही. याचे कारण व्रत नव्हे, हे आम्हांस फार उशिरा कळले. वाटेत स्वच्छ शौचालय मिळेल याची खात्री नसे, म्हणून त्या तहान मारीत. आपल्या बहुतेक घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया हेच करतात आणि पुरुषांच्या ते ध्यानात येत नाही. दुसरी अडचण सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची. चारचौघांच्या खाणावळीत साडेपाच वाजता, गाळलेल्या पाण्यात शिजविलेले, कांदा-लसणाविना जेवण मागणे म्हणजे रोज नवी विनवणी. शौचालय व स्वयंपाक या दोन गोष्टींसाठी आम्हांस घरगाडी हवी होती, निजण्यासाठी नव्हे. पण हे आमचे आम्हांस त्या वेळी उमगले नव्हते.

जानेवारी २०१९ मध्ये हुंबुज, कारकळ, मूडबिद्री, वेणूर, धर्मस्थळ करून शेवटी श्रवणबेळगोळ असा बेत ठरला. २०१८ च्या महामस्तकाभिषेकास गर्दीमुळे मातोश्रींना नेता आले नव्हते. ती रुखरुख होतीच. परगावच्या एका मालकाकडून लहान ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली सहा बिछान्यांची गाडी भाड्याने घेतली. माणसे सात, त्यांत दोन मुले, बिछाने सहा, हिशेब जुळला, असे वाटले. पट्टा असलेल्या बैठका मात्र चालक धरून चारच होत्या. उरलेल्या तिघांसाठी भिंतीला लागून एक आडवा बाक होता. वाटेत पाठ टेकता येईल म्हणून मातोश्रींना त्या बाकावर बसवावे, ही कल्पना माझीच. धर्मस्थळ सोडून चारमाडीचा घाट चढत असता एका वळणावर समोरून बस आली. चिरंजीवांनी गाडी दाबली. गाडीस काही झाले नाही. मातोश्री मात्र बाकावरून घसरून पुढच्या कपाटावर गेल्या आणि उजवे मनगट मोडले. त्यांचे वय तेव्हा शहात्तर. श्रवणबेळगोळ चार तासांवर राहिले असता आम्ही हाताला फळी बांधून बेळगावास परतलो.

यास्तव कोणत्याही घरगाडीची माहिती हाती आली की प्रथम पट्ट्याच्या, तोंड पुढे असलेल्या, सांगाड्यास घट्ट आवळलेल्या बैठका मोजाव्यात. आडव्या बाकावर माणूस बसला असता गाडी थांबताना त्याचे शरीर कुशीकडे फेकले जाते. तेथे कमरेचा पट्टा बांधला तरी तो पुरेसा आधार देत नाही. बिछान्यांची संख्या त्यानंतर पाहावी. परदेशी गाड्या ज्या रीतीने बांधतात त्यात बिछान्यांस महत्त्व असते, कारण तेथील कुटुंब रानात किंवा समुद्रकाठच्या छावणीत रात्र काढते. आपली यात्रा निराळी. तीर्थक्षेत्री धर्मशाळा आहेत, यात्री-निवास आहेत. रात्रीची सोय तेथे होते. आपल्यास दिवसाची सोय हवी. झोपणारे कमी आणि बसणारे अधिक, अशी गाडी शोधावयाची आहे, हे एकदा मनाशी पक्के झाले म्हणजे निम्म्या पुस्तिका बाजूस पडतात.

आता प्रकारांकडे वळू. अमेरिकेत यांस ए, बी, सी अशी अक्षरे देतात. ए म्हणजे बसएवढी, बी म्हणजे तयार व्हॅनच्या पोटात बसविलेली, आणि सी म्हणजे या दोहोंच्या मधली. अक्षरांचा क्रम आकाराशी जुळत नाही, हा त्यांचा कारभार.

ए वर्गाबद्दल फार लिहीत नाही. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटीच्या विनेबॅगो कारखान्याने १९६६ पासून मोटारघरे बांधण्यास आरंभ केला आणि अशा गाड्यांस सामान्य अमेरिकन कुटुंबांत गिऱ्हाईक मिळाले. तेथील सरळ, रुंद रस्त्यांवर ती शोभते. आमच्या मार्गावर आगुंब्याचा घाट आहे, त्यात चौदा तीव्र वळणे आहेत. गोव्यास जाताना चोर्ल्याचा घाट. आणि घाट उतरून घरी आले तरी खडेबाजाराच्या आसपासच्या गल्लीत ती लावणार कोठे?

मोटारीमागे जोडावयाची जोडगाडी स्वस्त पडते व मुक्कामी ती सोडून मोटार मोकळी करता येते. तथापि चालत्या जोडगाडीत माणसे बसवू नयेत. सातजणांस पुढची मोटारच पुरावयास हवी. शिवाय ती मागे घेताना चाक डावीकडे वळविले तर जोडगाडी उजवीकडे जाते. ज्याने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली गोदामात उलटी घातली आहे त्यास हे सांगावयास नको.

खरी निवड राहते ती बी आणि सी या दोहोंत. सी वर्गाच्या गाडीत चालकाच्या टपावर एक मजला पुढे आलेला असतो आणि त्यात दोघांचा बिछाना. मुलांना तो फार आवडतो. आमच्या नातवंडांनी पहिल्या दिवसापासून त्यावर मालकी सांगितली. म्हाताऱ्या माणसास शिडी चढून तेथे जाणे अशक्य. पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. अशा गाडीची उंची दहा फुटांच्या घरात किंवा त्याहून अधिक जाते, आणि आपल्या गल्ल्यांत विजेच्या तारा, फलक व आंब्याच्या फांद्या कोणास विचारून खाली येत नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाऊस. या गाड्यांचे अंग पत्र्याच्या एका घडणीचे नसून तक्तपोशी जोडून बनविलेले असते. पुष्कळ वेळा आत लाकडी चौकट असते. टपावरील मजला जेथे मुख्य अंगास मिळतो तेथील सांधा हे पाणी शिरण्याचे ठरलेले ठिकाण. वाऱ्याचा आणि पावसाचा मारा समोरून तेथेच बसतो. आत गेलेले पाणी दिसत नाही. वास येतो तोपर्यंत लाकूड कुजलेले असते. चातुर्मासात आपण यात्रेस निघत नाही, म्हणजे बेळगावचा सगळा पावसाळा गाडी उभी राहणार. जुनी घेणाऱ्याने त्या सांध्याखालचा कोपरा बोटाने दाबून पाहावा. मऊ लागला तर विक्रेत्याने चहा मागविण्याआधी उठावे.

बी वर्गाची गाडी म्हणजे मूळ व्हॅन. १९५१ पासून जर्मनीच्या वेस्टफालिया कारखान्याने फोक्सवॅगनच्या छोट्या बसमध्ये बसवावयाचा लाकडी संच विकावयास काढला, तेव्हापासून हा प्रकार लोकप्रिय आहे. आपल्याकडे फोर्स ट्रॅव्हलर, टाटा विंगर अशा गाड्यांवर हे काम होते. अंग कारखान्यातून पत्र्याचे आलेले असल्याने सांधे कमी. रुंदी साधारण पावणेसात फूट, त्यामुळे घाटात व गल्लीत निभावते. उणीव एकच : आत जागा कमी. काही गाड्यांचे टप उचलून कापडी बाजूंचा माळा करता येतो. कोरड्या हवेत तो ठीक, पावसात कापड भिजले की घरी येऊन वाळवीपर्यंत ती चिंता. आत ताठ उभे राहता येईल असे कायमचे उंच टप असलेली घ्यावी. लुगडे नेसलेल्या वृद्ध स्त्रीने वाकून शौचालयापर्यंत जावयाचे, ही सोय नव्हे.

वजनाचा प्रश्न व्यापारी मंडळींस चटकन समजेल. गाडीचे ठरलेले कमाल ढोबळ वजन असते. रिकाम्या गाडीचे वजन हे बारदान. वजा जाता उरते ते आपले. समजा कमाल ३,५०० किलो आणि रिकामी गाडी २,९५० किलो. हाती राहिले ५५०. सात माणसांचे, मुले धरून, ३८० म्हणू. शंभर लिटर पाणी म्हणजे बरोबर शंभर किलो. अंथरुणे, शिधा, भांडी, कपडे यांस १३०. झाले ६१०. गाडी दाराबाहेर पडण्याआधीच साठ किलोंनी जड. विक्रेते बारदान सांगताना सावली धरणारे कापडी छत, जादा बॅटरी, मागचा सायकलींचा सांगाडा यांचे वजन पुष्कळदा धरीत नाहीत. कागदावरचा आकडा न मानता गाडी काट्यावर घालावी. आणि एकूण वजन बरोबर असले तरी ते कोठे आहे हेही पाहावे. पाण्याची टाकी व सामान सगळे मागच्या चाकांपलीकडे गेले तर बैलगाडीप्रमाणे हीही उलाळ होते. पुढची चाके हलकी पडतात आणि वळणावर गाडी हाताचे ऐकत नाही.

स्वयंपाकासंबंधी दोन शब्द. घरगुती गॅसचे नळकांडे गाडीत ठेवणारे मी पाहिले आहेत. ते करू नये. हा वायू हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर न जाता तळाशी साठतो. त्यासाठी नीट बांधलेल्या गाडीत नळकांड्यास वेगळा बंद कप्पा आणि त्याच्या तळाशी बाहेर उघडणारे छिद्र असते. विजेची शेगडी हवी असेल तर तिचाही हिशेब करावा. दोन किलोवॅटची शेगडी अर्धा तास चालली की एक युनिट खर्च होते. बारा व्होल्टच्या, शंभर अँपिअर-अवर क्षमतेच्या बॅटरीत सारे मिळून सव्वा युनिटहून थोडे कमीच असते, म्हणजे वरण-भात झाला की पोळ्यांस वीज नाही. वातानुकूलन रात्रभर चालेल असे कोणी म्हटले तर किती युनिटांची बॅटरी आहे, एवढेच विचारावे.

सूर्यास्तापूर्वी जेवावयाचे तर साडेचारला गाडी थांबली पाहिजे. सकाळचे दर्शन-पूजन आटोपून निघावयाचे म्हणजे दिवसाची मजल दीडशे ते दोनशे किलोमीटर. तेवढ्यासाठी प्रचंड इंजिनाची गाडी घेण्याचे कारण नाही.

शौचालयाची टाकी काढून रिकामी करावयाची असते. तिच्यात साधारण वीस लिटर मावतात. सातजणांच्या घरात ती रोज काढावी लागते. युरोपातील छावण्यांत त्यासाठी ठरलेली जागा असते. आपल्याकडे धर्मशाळेच्या व्यवस्थापकांस आधी विचारून तेथील शौचालयातच ती ओतावी. हे काम चिरंजीव व मी पाळीपाळीने केले. मातोश्रींचा एक आक्षेप राहिला होता : चूल आणि शौचालय एका भिंतीच्या अंतरावर. तो दूर झाला तो चूल बाजूच्या सरकत्या दाराशी, बाहेर ओढून घेता येईल अशी मिळाल्याने. दार उघडले, छत ताणले की स्वयंपाक गाडीबाहेर.

कायद्याची बाब थोडक्यात. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतच्या ढोबळ वजनाचे वाहन चालविता येते. नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने वाहतुकीच्या गाड्यांपुरतेही हे स्पष्ट केले आहे. आपल्याच पेढीची जुनी मिनीबस किंवा टेंपो घेऊन सुतार लावावा, असा विचार आपल्यापैकी काहींच्या मनात येतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकास करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे सांगितले. मोटर कॅराव्हॅनसाठी ए. आय. एस. १२४ हे स्वतंत्र मानक आहे. त्याप्रमाणे बांधलेली व तशी नोंदलेली गाडीच घ्यावी. अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिला कागद तोच मागते.

२०२३ च्या पावसाळ्यात चिरंजीवांनी पुन्हा गाड्यांचे नकाशे घरी आणले. त्यांचा कल टपावर मजला असलेल्या गाडीकडे. जेवणानंतर नकाशा पसरून ते मातोश्रींस समजावू लागले : आजी, इथे तुझा पलंग, इथे खिडकी. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "अरे, गाडी चालू असताना मी बसायचं कुठं?" चिरंजीवांनी नकाशा गुंडाळला. त्यानंतर आम्ही जी गाडी ठरविली तिच्यात चालक धरून सात पट्ट्याच्या बैठका होत्या, सगळ्यांची तोंडे पुढे. त्यामागे चूल व शौचालय. आणि बिछाने दोनच. विकत न घेता भाड्यानेच घेतली, व नव्याने विचार करणाऱ्यांसही माझा सल्ला हाच. २०२१ साली महाराष्ट्र व केरळ या राज्यांनी कॅराव्हॅन-पर्यटनाची धोरणे जाहीर केली, तेव्हापासून भाड्याच्या गाड्यांची चर्चा वाढली आहे. वर्षातून पंधरा दिवस वापरावयाची आणि चार महिने पावसात उभी ठेवावयाची वस्तू घेण्याआधी एक यात्रा भाड्याने करून पाहण्यात कमीपणा नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये निघण्याच्या आदल्या दिवशी माणसांसह गाडी वजनकाट्यावर नेली. सत्तर किलो जास्त भरले. काट्यावरचा माणूस रोज आमच्या पेढीची पोती तोलणारा, तो हसला. पितळी भांड्यांचा पेटारा, तांदळाचे पोते व नातवंडांचा खेळांचा ट्रंक उतरला; पाण्याची टाकी निम्मी भरून निघावयाचे व उरलेली वाटेत गाळून भरावयाची, असे ठरले. मातोश्री चालकामागच्या खिडकीशी बसल्या, पट्टा स्वतः लावावयास शिकल्या आणि हुबळीच्या अलीकडेच त्यांनी पिण्यास पाणी मागितले. चारमाडीच्या त्या वळणावर चिरंजीवांनी गाडी इतकी सावकाश घेतली की मागचे वाहन कर्णा वाजवू लागले. रात्री त्या व बाकीची मंडळी धर्मशाळेत. चिरंजीव व मी गाडीत, राखणीस. सहाव्या दिवशी सकाळी विंध्यगिरीच्या सहाशेंहून अधिक पायऱ्या त्या डोलीतून चढल्या.

पुस्तिका दाखविणारे ते बंधू सभेनंतरच्या सोमवारी पेढीवर आले. वाड्याच्या दिंडीची उंची त्यांनी मोजून आणली होती : नऊ फूट. घरात माणसे नऊ. नऊ बैठका, चूल आणि शौचालय असे सगळे एका गाडीत, नऊ फुटांखाली बसणार नाही, असे मी सांगितले. वडीलधारी मंडळी व लहान मुले यांच्यापुरती सहा बैठकांची व्हॅन भाड्याने घ्यावी आणि घरची मोटार मागून चालवावी, असे ठरले. ते येत्या मार्गशीर्षात निघणार आहेत. काट्यावर गाडी कोणत्या वारी न्यावयाची, ते त्यांनी लिहून नेले आहे.